डॉ. निशा काळभोर यांचे सोळा पेपर

मार्केट यार्ड, गुलटेकडी, पुणे
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

आज दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मी आडतीच्या कचेरीत डबा खात होतो. एका हाताने भाकरी मोडत होतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर तुझं नाव टाइप करत होतो. आईला तुझा मोठा फोटो करून हवा आहे. माझ्याकडचे सगळे फोटो तुझ्या लग्नातले, मुंडावळ्यांआड अर्धा चेहरा झाकलेले. म्हटलं, कॉलेजच्या एखाद्या पानावर पांढरा कोट घातलेली सापडशील.

फोटो सापडला नाही. पान सापडलं. ते मी तीन वेळा वाचलं, मग कागदावर उतरवून घेतलं, म्हणजे वाचण्यात चूक नको. त्यावर असं आहे: डॉ. निशा रविराज काळभोर, पुणे. शोधनिबंध सोळा. विषय संसर्गजन्य रोग आणि भूलशास्त्र. पहिला पेपर २०११ चा. तो तुझा, मला माहीत आहे, तेव्हा तू घरी बासुंदी केली होतीस. मग खाली खाली येत २०१८, २०१९, २०२०, २०२१. पुढे २०२२, २०२३, २०२४. आणि शेवटचा या वर्षीच्या जानेवारीतला. गेल्या महिन्यातला.

आक्का, तू २०२० च्या ऑगस्टमध्ये गेलीस.

म्हणजे गेलीस असं आम्हाला सांगितलं. मी पाहिलेलं नाही. आईने पाहिलेलं नाही. दाजींचा फोन आला, आम्ही दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलो, तिथे दोरी बांधलेली होती. लांबून एका गाडीची मागची दोन दारं दिसली. चेन लावलेली पिशवी आत सरकवली आणि शिपाई म्हणाला, "काळभोर मॅडम याच." मी एकोणीस वर्षांचा होतो, बारावी नापास झाल्याला महिना झाला होता. पिशवीकडे बघून माणूस ओळखता येत नाही, एवढंही तेव्हा त्याला म्हणता आलं नाही. त्यानंतर दाजींनी आमचे फोन घेणं बंद केलं.

मी इंग्रजी अडखळत वाचतो, तुला माहीत आहे. पेपर उघडायला गेलो तर पैसे मागतात. नावं मात्र नीट तपासली. प्रत्येक ठिकाणी तूच आहेस. एकच समजलं नाही. तू तापाची डॉक्टर, मग भुलीचं कधी शिकलीस? करीमशेठना विचारलं, त्यांचाच हिशेब मी लिहितो. ते बटाट्याच्या पोत्यावर बसूनच म्हणाले, "अरे रणजित, इथे मेलेली माणसं मतदान करून जातात. पेपर लिहिला तर काय बिघडलं?" मग माझं तोंड बघून त्यांनी मला पाणी दिलं.

मी एक गोष्ट घाईने केली. दोन वाजता आईला फोन लावून सांगितलं. तिने मला वर्षं परत वाचायला लावली. मग म्हणाली, "म्या म्हनत हुते का न्हाई?" आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी तिनेच लावला. "कागदावर लिव्ह. फोनबिन नको. तुझं अक्षर वळखंल ती."

म्हणून हे पत्र. पत्ता शेवटच्या पेपरच्या नावाखालीच दिसत होता, तुमच्या भूल विभागाचा.

जिवंत असशील तर दोन ओळी लिही. आमच्यावर रागावली असशील तर एकच लिही.

तुझा,
रणजित


भूलशास्त्र विभाग, पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

श्री. रणजित बनकर यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र विभागाच्या शिपायाने माझ्या टेबलावर ठेवले. पाकिटावर माझे नाव होते म्हणून फोडले. आत मी मेलेली होते.

मी डॉ. निशा रविराज काळभोर. भूलतज्ज्ञ आहे, जिवंत आहे, आणि आपली बहीण नाही. मला भाऊ नाही. असता, तर पाच वर्षांनी डबा खाताना त्याला माझी आठवण झाली नसती, अशी आशा आहे.

आपण पाहिलेले पान कोणी माणूस तयार करत नाही. संगणक नाव पाहतो आणि त्या नावाचे जे दिसेल ते एका ढिगात टाकतो. त्या सोळापैकी सात पेपर माझे. २०२२ पासूनचे, सगळे भुलीवरचे. वरचे नऊ माझे नाहीत. ते आपल्या बहिणीचे असतील तर त्यांचे काम चांगले असावे, कारण लोक अजून त्यांचा दाखला देतात. मी हा घोळ दुरुस्त करून घेतला नाही, कारण मला सकाळी साडेसातला थिएटरमध्ये उभे राहावे लागते.

आपल्या आईंना आपण जे सांगितले, ते खात्री न करता सांगितले. ते आता आपणच निस्तरावे. पुन्हा पत्र पाठवू नये.

कळावे,
डॉ. निशा काळभोर


हडपसर, पुणे
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय डॉ. मॅडम,
सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नये असे आपण लिहिले आहे, तरी पाठवतो आहे, माफी असावी. यानंतर पाठवणार नाही.

आपण माझी बहीण नाही, हे मला पाकीट हातात घेताच कळले. आक्काचे अक्षर उजवीकडे झुकते, आपले सरळ आहे. आईला ते शेजारी ठेवून दाखवले. ती म्हणाली, "डाक्टरचं अक्षर बदलतंच की." पत्र वाचून दाखवले, तर म्हणाली, "रागावलीय. एवढं तोडून घरचंच मानूस बोलतं."

मॅडम, मी जे सांगितले ते मला परत घेता येत नाही, म्हणून लिहितो. आईला फोन केला, त्याच संध्याकाळी मी घरी गेलो, तेव्हा आक्काच्या फोटोवरचा चंदनाचा हार काढलेला होता. फोटो पुसून आईने तो पप्पांच्या रांगेतून उचलला आणि माझ्या फोटोशेजारी लावला. जिवंतांच्या बाजूला. आता दारात रिक्षा थांबली की ती पदर सावरते. काल मी कडक बोललो. म्हटलं, "आई, आक्का गेली." तर तिने माझ्या थोबाडीत मारली. मी चोवीस वर्षांचा आहे, तिने मला आजवर कधी मारलेले नव्हते.

आपण लिहिता, संगणक नाव पाहतो. ते मी मानतो. निशा नावाच्या बायका पुष्कळ असतात. काळभोर म्हणाल तर लोणी गावात कुठेही दगड टाकला तरी काळभोरालाच लागेल. पण निशा, आणि रविराज, आणि काळभोर, आणि दोघीही डॉक्टर? हे मला रात्रीपासून जुळवता येत नाही.

आक्काचे मूळ नाव अक्षता. अक्षता गेनबा बनकर. निशा हे लग्नात ठेवलेले. दाजींनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिले, मी सात वर्षांचा होतो, मी ते मोठ्याने वाचले म्हणून मला पेढा मिळाला होता. नंतर तिने राजपत्रात बदलून घेतले. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिला घरी आम्ही अक्षताच म्हणत आलो, निशा फक्त तिकडे आणि कागदावर.

दाजी हाडांचे डॉक्टर आहेत. डाव्या भुवईत टाक्यांची खूण आहे. त्यांनी पुन्हा लग्न केले हे आमच्या कानावर आले होते. नव्या नवरीचे नाव नीरजा असे ऐकले, म्हणून आपल्याशी संबंध लावला नाही.

विचारणे आगाऊपणाचे आहे. पण लग्नाआधी आपले नाव काय होते?

आपला नम्र,
रणजित बनकर


भूल विभाग
२५ फेब्रुवारी २०२५

रणजित,

तुमचं पत्र मी थिएटरच्या दारात वाचलं. आत पेशंट टेबलावर घेतलेला होता, म्हणून झेरॉक्ससकट घडी करून खिशात ठेवलं. पुढचा दीड तास मी त्या माणसाचा श्वास पाहत होते. माझा चालू होता की नाही, सांगता येणार नाही.

नीरजा. लग्नाआधी माझं नाव नीरजा शितोळे होतं.

भुवईत खूण आहे. डाव्याच.

मी तेरा तारखेला तुम्हाला जे लिहिलं, त्याबद्दल काय म्हणावं मला सुचत नाही. विशेषतः डब्याबद्दलचं. ते वाक्य मला आता रोज वाचल्यासारखं आठवतं.

मला हे माहीत होतं: रविराजची पहिली बायको कोविडमध्ये गेली, ती डॉक्टर होती, तिचं नाव अक्षता. बस. घरात तिचा एकही फोटो नव्हता आणि मी मागितला नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं. आमचं लग्न २०२१ मध्ये पंचवीस माणसांत झालं, त्या वर्षी तेवढीच परवानगी होती. काळभोरांकडचं दूरचं कुणी आलंच नाही, म्हणून कुणाच्या तोंडून काही निसटलंही नाही. ताटात तांदूळ माझ्याही लग्नात होते. रविराजने अंगठीने 'निशा' लिहिलं. मला नाव आवडलं, रणजित. मी हसले होते, फोटोत आहे.

तुमचं पत्र घेऊन मी आधी सासूबाईंकडे गेले. त्या गवार निवडत होत्या. प्रेमलाबाई काळभोर कशालाच घाबरत नाहीत.

"आई, अक्षताचं सासरचं नाव काय होतं?"

गवारीवरून मान वर झाली नाही. "गुरुजींनी न अक्षर काढलं. त्याला मी काय करणार?"

"दोन्ही वेळा तेच नाव?"

"मुलगा तोच, पत्रिका तीच. अक्षर कुठून बदलणार?"

"न वरून नीरजासुद्धा होतं, आई."

तेव्हा त्यांनी गवार खाली ठेवली. म्हणाल्या, "लॉकरवर निशा, पॉलिसीवर निशा, त्याच्या पासपोर्टावर निशा. गेलेल्या माणसाची नावं काढायला किती खेटे घालावे लागतात, तुला माहीत नाही." मग उठून देवघरात गेल्या. एरवी त्या अशा वेळी देवघरात जात नाहीत.

रविराजला रात्री जेवताना विचारलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. मी चिडायची तयारी करून बसले होते. त्याने पान तसंच ठेवलं आणि म्हणाला, "ती गेल्यावर वर्षभर मी घरी आलो की दारातून हाक मारायचो. निशा. सवयीने. कुणी ओ द्यायचं नाही. मग तू आलीस आणि ओ दिलीस."

एवढंच बोलला. रडला वगैरे नाही. हात धुवायला उठून गेला.

चार वर्षं मला वाटत होतं, तो मला हाक मारतो.

आता तुमच्या आईंचं. मी लायब्ररीतून नऊही पेपर पूर्ण काढून घेतले. तुम्हाला २०२० नंतर लगेच २०२१ दिसलं, तिथे तुम्ही फसलात. कुणीही फसला असता. तो पेपर तिने मे २०२० मध्ये पाठवला होता, छापून आला पुढच्या मार्चमध्ये. तिच्या नावावर एक बारीक खूण आहे आणि पानाच्या तळाशी एक ओळ. त्या पानाची प्रत पाठवते आहे. ओळीचा अर्थ असा: 'आमच्या सहकारी डॉ. निशा काळभोर यांचे या आजारावर काम करत असताना, ऑगस्ट २०२० मध्ये त्याच आजाराने निधन झाले. हा निबंध त्यांनी स्वतः तपासलेला शेवटचा.'

सह्या तिच्या चार सहकाऱ्यांच्या आहेत. त्यातल्या एकांना मी फोन केला. ते शेवटच्या दिवशी तिच्याजवळ होते, त्यांनी तिचा चेहरा पाहिला होता. शंका नाही, रणजित.

ई-मेल करू नका. आमच्या घरी माझी मेल मी एकटीच उघडत नाही. पत्र विभागाच्याच पत्त्यावर टाका.

नीरजा


हडपसर
शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

नीरजाताई,

आपण त्या नावाने सही केलीत म्हणून त्याच नावाने लिहितो. चुकत असेन तर सांगावे.

ती ओळ मी रात्रभर स्वतःशीच वाचली. तिचा चेहरा कुणीतरी पाहिला होता, हे मला पाच वर्षांत आज पहिल्यांदा कळलं. मला वाटत होतं ती एकटी होती.

सकाळी आईला समोर बसवून वाचून दाखवलं. आधी इंग्रजी, मग आपण लिहिलेला अर्थ. बारीक खूणही बोट ठेवून दाखवली. आईने भिंगातून पाहिलं. म्हणाली, "हे तर माशीनं घान केल्यावानी हाय." मी म्हटलं, "आई, छापलेलं आहे." तर म्हणते, "छापलेलं समदं खरं आसतं व्हय? तुझ्या शेटच्या पावतीवर बी छापलेलं आसतं."

मग दाजींचं सांगितलं. नाव दोघींना एकच ठेवलं, ते. मला वाटलं ती शिव्या देईल. ती उलटीच गाठ मारून बसली. म्हणाली, "म्हंजी दुसरी बायकू न्हाईच. हीच ती. मायेरापास्नं तोडायला दुसरी म्हनून सांगत्यात. नाव एक, नवरा एक, डाक्टरकी एक. मानूस तेवढं येगळं?"

ताई, मला भीती वाटली. मी हिशेबाचं काम करतो, आकडा चुकला की परत मागे जाऊन चूक सापडते. इथे चूक मला सापडली आहे आणि तरी बेरीज चुकतेच आहे. काल तिने बस पकडून आपल्या कॉलेजपर्यंत यायचं ठरवलं होतं. शकीलाभाभींनी, म्हणजे आमच्या शेजारच्यांनी, तिला रवीदर्शनच्या थांब्यावरून परत आणलं. त्या तिला म्हणाल्या, "मुक्ताई, ऊन बघा, चला." आई म्हणाली, "लेकीला भेटायला ऊन बघत्यात का?"

दाजींवर रागवावं असं ठरवलं होतं. दारातून हाक मारल्याचं वाचलं आणि ते जमेनासं झालं. तरी नाव ही काही त्यांची वस्तू नव्हती. आक्काने त्यावर नऊ पेपर लिहिले होते.

आई म्हणते, "ती बाई माझ्याम्होरं हुभी ऱ्हाऊ दे. मंग मानीन." मी आपल्याला "या" असं म्हणू शकत नाही. आपण आलात आणि तिने आपल्याला आक्का म्हणून मिठी मारली तर मी काय करायचं, हेही मला माहीत नाही. फक्त तिने काय म्हटलं ते कळवतो आहे.

रणजित


भूल विभाग
मंगळवार, ११ मार्च २०२५

रणजित,

रविवारी मी दारात उभी राहिले आणि तुमच्या आईंनी तुम्हाला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं, मला ओट्यावर दिसत होतं. तुम्ही परत आलात तेव्हा सगळं झालेलं होतं आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. पण तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

त्यांनी दार लोटलं. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मला खाटेवर बसवलं, खाली बसल्या आणि माझा डावा पाय हातात घेतला. मी मागे ओढायला लागले, तर म्हणाल्या, "हालू नगं." बोटं एकेक करून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत. मी रोज लोकांच्या नाड्या पाहते, पण मला कुणी असं पाहिलेलं नाही.

मग पाय खाली ठेवला, साडीच्या काठाने पुसलासुद्धा. "खूण न्हाई," म्हणाल्या.

मला माफी मागायची होती, कशाची ते नीट माहीत नव्हतं. त्यांनीच विचारलं, "हे नाव घे म्हनून तुला कुनी सांगितलं?"

"ठेवलं. मला विचारलं नाही."

"तिला बी न्हवतं इचारलं." मग, "तुझं खरं?"

"नीरजा."

"नीरजा," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. "भूल देतीस म्हंजी काय करतीस?"

"झोपवते. ऑपरेशन होईपर्यंत."

"आन् उठवतीस?"

"उठवते."

"समदी उठत्यात?"

"जवळजवळ सगळी."

"मंग माझी का न्हाई उठली?"

मला या प्रश्नाचं उत्तर पाठ आहे. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ते मी अनेकदा दिलेलं आहे. फुफ्फुसं, प्राणवायू, आमचे सगळे प्रयत्न. ते मी बाजूला ठेवलं. मी म्हणाले, "आई, त्या वर्षी आम्हाला कुणालाच काही येत नव्हतं. ती ते शोधत होती. शोधता शोधता गेली."

"काय शोधत हुती?"

तेव्हा मला कळलं, की तिने काय काम केलं हे या घरात कुणालाच माहीत नाही. पिशवीत नऊही पेपर होते. पहिला काढला आणि मराठीत सांगायला लागले. ऊसतोड कामगारांना चिखलातून होणारा ताप. तुमच्या आई म्हणाल्या, "थेऊरला फडात जायची. सपाता बाहेर धुवायला लावायचे मी." दुसरा, डेंग्यू झालेल्या लहान मुलांचा. तिसरा, क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सांचा. एका पेपरला त्या हसल्या. त्यात उंदरांचा उल्लेख होता. म्हणाल्या, "लहानपनी झुरळाला भ्यायची ती." दरवेळी विचारत होत्या, "आजून हाय?" आणि मी म्हणत होते, "आहे."

नववा काढला. वाचला. खालची ओळही वाचली. ज्यांना मी फोन केला, त्या सहकाऱ्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता, तेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "आजून हाय?"

मी म्हणाले, "नाही. हा शेवटचा."

त्यानंतर त्यांनी जो आवाज काढला, तो तुम्ही बहुधा गल्लीच्या तोंडाशीच ऐकला असेल. तुम्ही दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभे होता, ती ठिबकत होती.

मी निघताना त्यांनी माझी ओटी भरली. तुम्हाला नारळ सोलायला सांगितला आणि तुम्ही तो फोडूनच आणलात, त्यावर त्या रडता रडता म्हणाल्या, "बारावी नापास उगंच न्हाई झाला." मला हसू आवरलं नाही, क्षमा करा.

इतर दोन गोष्टी. एक, त्या पानाच्या कंपनीला आणि माझे पेपर छापणाऱ्या चारही नियतकालिकांना मी लिहिलं आहे. नऊ वेगळे, सात वेगळे. माझ्या बढतीच्या अर्जात कारकुनाने सोळाच्या सोळा धरले होते, तो अर्ज मागे घेतला. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरने स्वतःहून दिलं होतं. परत कशाला करता?" मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांच्याकडे पोचवते आहे. बढती आता होईल तेव्हा होईल.

दोन, मी राजपत्रात नाव परत घेते आहे. रविराजला सांगितलं. तो म्हणाला, "मी हाक काय मारू आता?" म्हटलं, "नीरजा. तीन अक्षरं आहेत, सवय होईल." आज संध्याकाळी तो दारातून काहीच न म्हणता आत आला. बघू.

तुमच्या आईंचा या महिन्याभरात खर्च झाला असेल, रिक्षा, औषधं. तो आमच्या घरामुळे झाला. आकडा कळवा. संकोच करू नका.

नीरजा


हडपसर
रविवार, २० एप्रिल २०२५

ती. नीरजाताई,
सा. न.

काल दुपारी पान पाहिलं. दोन झाली आहेत. एकावर नीरजा शितोळे, पेपर सात, विषय भूलशास्त्र. दुसऱ्यावर डॉ. निशा रविराज काळभोर, पूर्वाश्रमीच्या अक्षता बनकर. पेपर नऊ. विषय संसर्गजन्य रोग. २०११ ते २०२१. काना, मात्रा, आकडे मी तपासले, चूक नाही.

आईला दाखवलं. तिने विचारलं, "आता पेपर वाडायचं न्हाईत?" मी म्हटलं, "नाही." ती "बरं" म्हणाली आणि फोटो परत पप्पांच्या शेजारी लावायला सांगितला. हार तिने स्वतः घातला. मला वाटलं होतं दुरुस्ती झाली की मला बरं वाटेल. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. पाच वर्षांपूर्वी आक्का गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, धावपळ होती. ती काल गेली असं मला झालं.

आपण खर्च विचारलात. मी रिक्षा आणि औषधं लिहून पाठवणार होतो, म्हणून आईकडे बसलो. ती एकेक सांगायला लागली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी दिवसभर यार्डात असायचो. जसं सांगितलं तसं उतरवतो.

साखर, तीन किलो, गल्लीत वाटली: १३५
आक्काच्या गादीचा कापूस पिंजून, खोळ नवी: ९००
मंडईतून ओला हरभरा, आक्काला आवडतो म्हणून, चार वेळा: २४०
बांगड्या, हिरव्या, आक्काच्या मापाच्या: १२०
साडी: २,४००
आक्काच्या जुन्या मोबाइलवर रिचार्ज: १९९

शेवटच्या रकमेबद्दल मी दोनदा विचारलं. नंबर तिला पाठ होता, दुकानदाराला सांगून मारून घेतला. म्हणाली, "बॅलन्स नसल म्हनून फोन करत नसल." तो नंबर आता नगरकडच्या एका माणसाचा आहे. आईचा मिस्ड कॉल पाहून त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, पैसे कुणी टाकले. आईने त्याचा आवाज ऐकला, आणि म्हणाली, "चुकून झालं बाबा. वापर."

ही गोष्ट १० फेब्रुवारीची. तरी तिने साडी १२ ला घेतली.

एकूण खर्च: ३,९९४
त्यापैकी साडीसाठी शकीलाभाभींकडून उसने: २,४००
फेडले: ९००
देणे बाकी: १,५००, ते मी मे अखेर देईन.
आपल्याकडून येणे: काही नाही. साडी घडी न मोडता ठेवली आहे. आई म्हणते, ती नीरजाची.

आपला,
रणजित